आधी मातीची परीक्षा, मग रोपाची चिकित्सा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील बहुतेक आयुर्वेदीय चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत आज पाच-दहा कुंड्या हमखास दिसतात. तुळस, अडुळसा, ब्राह्मी, गुळवेल, कोरफड, शतावरी ही नेहमीची मंडळी. जागेच्या टंचाईमुळे या कुंड्या अंगणात नसतात. त्या जाळी लावलेल्या गॅलरीत, जिन्याच्या कोपऱ्यात, तर अलीकडे चक्क खोलीत, एलईडी दिव्याखाली असतात. कॅम्प क्रमांक एक ते पाच अशा वस्तीने दाटलेल्या उल्हासनगरात तर मोकळी जमीन हीच दुर्मीळ वस्तू झाली आहे. अशा परिस्थितीत आपल्या व्यवसायबंधूंनी औषधी वनस्पतींशी नाते टिकवून ठेवले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. काही औषधी दुकानदार रोपांची विक्रीही करतात आणि रुग्ण ती श्रद्धेने घरी नेतात.

परंतु याच कुंड्यांविषयी एक तक्रार सभासदांच्या भेटीगाठींत वारंवार कानी येते. रोप आणले तेव्हा तजेलदार होते, महिना-दीड महिन्यात पाने पिवळी पडली, वाढ खुंटली, खत घातले तर आणखी बिघडले. मग उपाय सुरू होतात. कोणी युरियाचे दाणे टाकतो, कोणी ताक ओततो, कोणी चुन्याची निवळी घालतो. रोप मेले की दुसरे आणतो. या सर्व खटाटोपात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या मातीत हे रोप उभे आहे, त्या मातीचा सामू किती?

सामू म्हणजे पीएच. माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे तो अंक सांगतो. ७ हा उदासीन बिंदू. त्याखाली आम्लता, त्यावर विम्लता. मात्र ही मोजपट्टी सरळ नाही. सामू ६ वरून ५ वर आला की आम्लता एका पायरीने वाढली असे वाटते, प्रत्यक्षात ती दहापट झालेली असते. बहुतेक औषधी वनस्पतींच्या कोवळ्या रोपांना ६ ते ७ दरम्यानचा सामू मानवतो. हा अंक न पाहता रोपाला खत देणे म्हणजे रुग्णाचा अग्नी न पाहता त्याला बृंहण देण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच नाही. आमच्या मते कुंडीच्या मातीची परीक्षा हा बागकामाचा छंद नसून वैद्याच्या आणि औषधी विक्रेत्याच्या व्यावसायिक जबाबदारीचा भाग आहे. त्याची कारणे पुढे मांडत आहोत.

भूमिपरीक्षा आपलीच आहे

भूमीचा विचार हा पाश्चात्त्य कृषिशास्त्राने आपल्याला शिकवलेला विषय नव्हे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभीच औषधी कोणत्या देशातून, कोणत्या काळी घ्याव्यात याचे विवेचन केले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर भूमिप्रविभागावर स्वतंत्र अध्याय आहे. वारूळ, स्मशान, खड्डे, खडे, वाळू आणि ऊषर यांनी दूषित झालेली भूमी औषधिग्रहणासाठी वर्ज्य मानली आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही कच्च्या मालाच्या उगमस्थानाची गुणवत्ता-तपासणीच होय.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जमिनीच्या रंगावरून तेथील पाण्याची चव ठरते, असे काहींचे मत सुश्रुताचार्यांनी नोंदवले आणि ते योग्य नाही असे स्पष्ट सांगितले. केवळ रंग पाहून गुण ठरवू नये, हा इशारा त्यात आहे. आणि आपण काय करतो? रोपवाटिकेतून ‘चांगली लाल माती’ म्हणून पिशवी आणतो. लाल रंग म्हणजे उत्तम माती, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. वस्तुतः कोकणातील लाल माती बहुधा जांभ्या खडकापासून बनलेली असते. मुसळधार पावसाने तिच्यातील चुना आणि मॅग्नेशियम वाहून गेलेले असते आणि ती स्वभावतःच आम्लधर्मी असते. उल्हास खोऱ्यातील बेसाल्टपासून झालेल्या सखल भागातील काळसर मातीचा स्वभाव वेगळा. दोन्ही माती एकाच परिसरात मिळतात, पण त्यांची चिकित्सा एक असू शकत नाही.

आम्लता येते कोठून?

निदानाशिवाय चिकित्सा नाही, म्हणून प्रथम हेतू पाहू. बंद जागेतील कुंडीत आम्लता वाढण्याची कारणे ठरावीक आहेत.

पहिले कारण मूळ मिश्रण. आम्लधर्मी लाल माती, अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि न कुजलेले शेण यांचे मिश्रण सुरुवातीपासूनच आम्लतेकडे झुकलेले असते. कोकोपीट साधारण ५.५ ते ६.५ सामूचे असते. त्यात स्वतःचा चुना जवळजवळ नसल्यामुळे आम्लता झेलण्याची ताकद कमी असते. शिवाय नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पालाश यांचे क्षार असतात. ते चुना आणि मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा आणतात.

दुसरे कारण खत. अमोनियम सल्फेटसारख्या खतांतील अमोनियमचे मातीतील जीवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि या क्रियेत आम्ल सुटते. युरियाने सुरुवातीला सामू किंचित वाढतो, पण पुढे तो याच मार्गाने खाली येतो. शेतात माती खोल असते, म्हणून परिणाम सावकाश जाणवतो. पाच किलो मातीच्या कुंडीत चिमूटभर खताचाही परिणाम मोठा होतो.

तिसरे कारण अतिजल. खोलीतील मंद प्रकाशात रोप पाणी कमी ओढते. आपण मात्र सवयीने रोज पाणी घालतो. माती सतत ओली राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, कुजण्याची क्रिया बिघडते आणि सेंद्रिय आम्ले साचतात. सामावस्थेचे हे वनस्पतीतील रूप म्हटले तर वैद्यांना ते चटकन उमगेल, मात्र ते साम्यापुरतेच समजावे.

चौथे कारण आपले घरगुती उपाय. कढीपत्त्याला ताक घालण्याची पद्धत घराघरांत आहे. ताक स्वतः आम्ल आहे. चुनखडीयुक्त, विम्ल मातीत त्याचा उपयोग होत असेलही, पण आधीच आम्ल झालेल्या कुंडीत तेच ताक म्हणजे अम्लपित्ताच्या रुग्णाला लिंबू पाजणे होय. वृक्षायुर्वेदातील कुणपजल किंवा आजचे जीवामृत यांसारखी आंबवलेली द्रवेही माती न पाहता लहान कुंडीत ओतू नयेत.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. अनेक गृहसंकुलांत टंचाईच्या दिवसांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. बेसाल्ट खडकातील बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, त्यात बायकार्बोनेटचे प्रमाण अधिक असते. असे पाणी महिनोन्‌महिने घातल्यास मातीचा सामू वर चढतो. म्हणून पान पिवळे दिसले की ‘आम्लता’ असा शिक्का मारणेही तितकेच चुकीचे आहे. एकाच इमारतीत, एकाच रोपवाटिकेतून आणलेल्या दोन रोपांना दोन निरनिराळे विकार असू शकतात.

लक्षणे आणि व्यवच्छेद

कोवळ्या रोपाची सर्वांत खालची दोन बीजपत्रे पिवळी पडून गळणे हे स्वाभाविक आहे, तो रोग नव्हे. त्यानंतर कोणते पान पिवळे पडते, हे पाहावे. जुनी, खालची पाने सरसकट फिकी होत असतील तर नत्राची उणीव संभवते. जुन्याच पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियमची उणीव असण्याची शक्यता जास्त. आम्ल मातीत ती नेहमी आढळते. रोप खुजे, पाने गर्द आणि खालून जांभळट झाली असतील तर स्फुरद मिळत नाही असे समजावे. अतिआम्ल मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडला जातो. तो मातीत असतो, पण मुळांना लाभत नाही. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके येत असतील तर मंगल अधिक प्रमाणात शोषले जात असण्याचा संभव असतो. नवी पाने वाकडी, टोके करपलेली दिसली तर चुन्याची उणीव विचारात घ्यावी. सामू ५.५ च्या खाली गेला की खनिज मातीत ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची टोके आखूड, जाड, ठिसूळ होतात.

याउलट सर्वांत नवी, शेंड्याची पाने शिरा सोडून पिवळी पडत असतील, म्हणजे शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तसे दिसत असेल, तर बहुधा लोहाची उणीव असते. ती सहसा सामू ७.५ च्या वर गेल्याने येते. येथे चुना घातला तर रोग वाढेल.

परंतु ही सर्व लक्षणे एकमेकांत मिसळतात. जास्त पाणी, कमी प्रकाश, मुळांची कूज आणि क्षारसंचय यांनीही पाने पिवळी होतात. दर्शनाने शंका घेता येते, निर्णय करता येत नाही. निर्णय मोजमापानेच करावा लागतो.

मोजावे कसे?

पद्धत अगदी सोपी आहे. कुंडीच्या मध्यापासून, वरचा थर बाजूला सारून, दोन-तीन ठिकाणची माती घ्यावी. सावलीत वाळवून, फोडून, चाळून त्यातील १० ग्रॅम माती स्वच्छ काचपात्रात घ्यावी. २५ मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाणी घालून काचेच्या कांडीने ढवळावे आणि अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवावे. मग मीटरने अंक पाहावा. आपल्या देशातील मृदा-परीक्षण प्रयोगशाळांत एकास अडीच हेच प्रमाण प्रचलित आहे, त्यामुळे आपला अंक त्यांच्या अंकाशी ताडून पाहता येतो. नळाचे पाणी वापरू नये, कारण मग मातीऐवजी पाण्याचाच सामू मोजला जाण्याचा धोका असतो. ते पाणी स्वतंत्रपणे मोजावे. तो अंकही तितकाच महत्त्वाचा आहे.

मीटर वापरण्यापूर्वी सामू ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत तो जुळवून घ्यावा. जुळवणी न केलेला मीटर हा न जुळवलेल्या तराजूसारखाच होय. औषधी दुकानात असा तराजू आपण चालवून घेणार नाही. मातीत दोन काड्या खुपसून अंक दाखवणाऱ्या स्वस्त उपकरणांवर विसंबू नये. लिटमस कागद केवळ आम्ल की विम्ल एवढेच सांगतो. मीटर नसेल तर अंक दाखवणारा पीएच कागद त्यापेक्षा बरा.

उपचार: आधी हेतूचा त्याग

निदानपरिवर्जन हे आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र. आम्लता सिद्ध झाली की प्रथम अमोनियमयुक्त खत आणि ताक बंद करावे. पाणी तेव्हाच घालावे जेव्हा वरचा दोन बोटे थर कोरडा लागेल. कुंडीचे छिद्र मोकळे आहे का, खालच्या ताटलीत पाणी साचून राहते का, हे पाहावे. दिवा जवळ आणावा किंवा कुंडी उजेडात न्यावी. पुष्कळ रोपे एवढ्यानेच सावरतात.

त्यानंतरही सामू ५.५ च्या खाली असेल तर चुनखडीची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट वापरावे. डोलोमाइटमध्ये चुन्याबरोबर मॅग्नेशियमही मिळते. दहा किलो मातीच्या कुंडीला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी साधारण एक ते दोन टनांच्या हिशेबाने, पुरे होते. भुकटी वर पसरून हलक्या हाताने मातीत मिसळावी, पाणी द्यावे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे. मोजल्याशिवाय दुसरी मात्रा देऊ नये. कोकोपीट अधिक असलेल्या हलक्या मिश्रणात याहून कमी मात्रेपासून सुरुवात करावी.

पानाला लावतात तो विरलेला चुना लावलेल्या रोपाच्या कुंडीत घालू नये. तो तीव्र आणि शीघ्रकारी आहे, कोवळी मुळे भाजतात. लाकडाची राख विम्लधर्मी असली तरी तिचे प्रमाण सांभाळणे कठीण. अंड्याच्या टरफलांची जाडसर पूड फार सावकाश विरघळते, तिच्यावर भरवसा ठेवून बसू नये. आपल्या कपाटात शंखभस्म, कपर्दिकभस्म असतात आणि हीही चुन्याचीच कल्पे आहेत, म्हणून ती मातीत घालण्याचा मोह कोणाला होईल. तो टाळावा. ती रुग्णांसाठी संस्कारित द्रव्ये आहेत, चुनखडीची पिशवी त्यांच्या तुलनेत नगण्य किमतीत मिळते.

सामू वर गेलेला असेल तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, चांगले कुजलेले गांडूळखत मिसळावे आणि गरज भासल्यास कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह लेबलावरील मात्रेत द्यावे. लिंबाचा रस ओतून सामू उतरवण्याचा परिणाम तात्पुरता असतो.

मूळ प्रश्न: ही वनस्पती पोटात जाते

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही बागप्रेमीच्या उपयोगाचे आहे. आमचा आग्रह मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. कुंडीतील गुलाब सुकला तर नुकसान गुलाबापुरते. ब्राह्मीचा स्वरस मात्र आपण बालकालाही देतो.

मातीतील आम्लता वाढली की कॅडमियम, जस्त, शिसे यांसारखे धातू अधिक विद्राव्य होतात आणि मुळांना सहज उपलब्ध होतात. यांपैकी कॅडमियमच्या बाबतीत हा परिणाम विशेष ठळक असतो. म्हणजे तीच माती, तेच रोप, पण सामू घसरला तर वनस्पतीतील धातूचे प्रमाण वाढू शकते. त्यातही ब्राह्मी ही पाणथळ जागेची वनस्पती कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू शोषून घेते, हे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील अभ्यासांतून पूर्वीच पुढे आले आहे. धातू शोषणारी वनस्पती, आम्ल झालेली माती आणि उगम माहीत नसलेली माती, असे तिन्ही एकत्र आले की ती कुंडी औषधाची राहत नाही.

आपल्या परिसरात हा धोका कल्पित नाही. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरालगत वाहणाऱ्या वालधुनीची आजची अवस्था आपण रोज पाहतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत सोडल्या गेलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि २०१५ मध्ये लवादाने संबंधित यंत्रणांना दंड ठोठावला. अशा नदीच्या काठची, नाल्यातून उपसलेली किंवा औद्योगिक वसाहतीतील भरावाची माती ‘गाळाची सुपीक माती’ म्हणून कुंडीत येत असेल तर ती नेमकी कोठून आली, हे आपण विचारलेच पाहिजे. स्मशानातील आणि ऊषर भूमी वर्ज्य मानणाऱ्या आचार्यांनी आज ही भूमीही त्याच यादीत घातली असती, यात शंका नाही.

आपल्या शास्त्राला धातुदोषाच्या आरोपाची झळ एकदा लागलेली आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि जगभर चर्चा झाली. रसौषधींचा मुद्दा त्यात वेगळा होता, हे आपण योग्यच सांगितले. पण त्यानंतर आयुष विभागाने २००५ च्या ऑक्टोबरात आदेश काढला आणि निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची धातुपरीक्षा १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. वनस्पतिद्रव्यांसाठी शिसे दशलक्षांश १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा आज आपल्याला परिचित आहेत. कॅडमियमची मर्यादा सर्वांत कडक आहे, हे ध्यानात घ्यावे. कारखान्यातून आलेल्या चूर्णाला ही कसोटी लागते. मग चिकित्सालयाच्या गॅलरीतील पानांच्या स्वरसाला कोणती कसोटी लागते? आज कोणतीच नाही. ती कसोटी आपणच लावायची आहे.

विजयेविषयी दोन शब्द

या विषयाशी निगडित एक नाजूक प्रश्न अलीकडे विचारला जातो. विजया, म्हणजे भांग, ही आपल्या ग्रंथांतील औषधी. काही परवानाधारक उत्पादकांची विजयायुक्त औषधे गेल्या काही वर्षांत बाजारात आली आहेत. मग वैद्याने आपल्या वापरापुरते एखादे रोप खोलीत वाढवले तर काय बिघडले? या वनस्पतीच्या कोवळ्या रोपांच्या सामूविषयीही कुतूहलाने विचारणा होते.

उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे. अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ८ नुसार कॅनाबिस वनस्पतीची लागवड परवान्याशिवाय करता येत नाही. या कायद्यात वनस्पतीची व्याख्या ‘कॅनाबिस प्रजातीची कोणतीही वनस्पती’ अशी आहे. एक रोप, कुंडीतील रोप, नर रोप असा भेद त्यात नाही. कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाने या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, हा युक्तिवाद लागवडीला लागू पडत नाही. शिवाय १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात भांग तयार करणे आणि बाळगणे यांसाठीही परवाना लागतो. वैद्यकीय नोंदणी हा त्याला पर्याय नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला १९६१ च्या कराराच्या चौथ्या अनुसूचीतून वगळले, भारताने त्या बाजूने मतही दिले, परंतु आपला देशांतर्गत कायदा त्यामुळे बदललेला नाही.

यात एक शास्त्रीय कारणही आहे. ही वनस्पती मातीतील धातू ओढून घेण्यासाठी प्रसिद्ध आहे. चेर्नोबिलच्या परिसरातील दूषित माती शुद्ध करण्याच्या प्रयोगासाठी १९९८ मध्ये तिचीच लागवड करण्यात आली होती. जी वनस्पती माती शुद्ध करण्यासाठी लावली जाते, ती अज्ञात मातीच्या आम्ल कुंडीत वाढवून औषधात वापरणे हे कायद्याबरोबरच शास्त्रालाही सोडून आहे. औषधे व प्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत बिया वगळता भांगेचा समावेश विषद्रव्यांत आहे, म्हणूनच अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक असते. संशोधन व्हावे, ते जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषधी संस्थेसारख्या ठिकाणी परवान्याने होत आहे. आपण परवानाधारक उत्पादन, योग्य नोंद आणि योग्य रुग्ण या चौकटीत राहावे.

आक्षेप आणि अपेक्षा

काही ज्येष्ठ म्हणतील, वैद्य हा शेतकरी नव्हे, मीटर घेऊन माती मोजत बसण्याला त्याला वेळ कोठे? हा आक्षेप आम्हांला पटत नाही. आपण द्रव्याची रस-वीर्य-विपाकाने परीक्षा करतो, गंध-वर्णाने भेसळ ओळखतो, तेव्हा वेळेचा प्रश्न आणत नाही. कुंडीसाठी महिन्यातून अर्धा तास पुरतो. दुसरा आक्षेप असा की, घरी वाढवलेले ते शुद्धच. बाजारातील वाळलेल्या, कीड लागलेल्या मालाच्या तुलनेत ताजी वनस्पती श्रेष्ठ हे खरे. पण शुद्धता हा घराचा गुण नसून मातीचा, पाण्याचा आणि निगेचा गुण आहे.

संघटनेकडे आमच्या काही सूचना आहेत. तिन्ही शहरांतील शाखांनी प्रत्येकी एक चांगला सामू-मीटर आणि प्रमाणित द्रावणे ठेवावीत. मासिक सभेच्या दिवशी सभासदांनी मातीचा नमुना आणावा आणि तेथेच अंक पाहावा. प्रत्येक कुंडीला एक छोटी नोंदपट्टी असावी. तीवर माती कोठून आणली, केव्हा भरली, कोणते पाणी आणि खत देतो व सामू किती आला, एवढे लिहावे. नव्या मातीची मोठी खेप आली की तिचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जड धातूंसाठी पाठवावा. तो खर्च शाखेच्या निधीतून व्हावा. रोपे विकणाऱ्या औषधी दुकानदारांनी मातीच्या उगमाची चौकशी केल्याशिवाय रोप ‘औषधी’ म्हणून विकू नये. आणि जोपर्यंत माती तपासलेली नाही, तोपर्यंत त्या कुंडीतील पान रुग्णाच्या कल्पात वापरू नये. ते रोप परिचयासाठी, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी खुशाल ठेवावे.

या सूचना कोणाच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी नाहीत. बदलापूरच्या आसपास अजून मोकळी माती, जांभळाची झाडे आणि डोंगरउताराची वने शिल्लक आहेत. अंबरनाथ-उल्हासनगरात ती फारशी उरली नाहीत, म्हणून कुंडीचे महत्त्व तेथे अधिक. पुढील अंकापर्यंत ज्या सभासदांनी आपल्या कुंड्यांचे सामू मोजलेले असतील, त्यांनी ते अंक, मातीचा प्रकार आणि रोपाची स्थिती यांसह संपादकांकडे पाठवावेत. पन्नास-साठ नोंदी जमल्या तरी या तीन शहरांतील औषधी कुंड्यांचे खरे चित्र आपल्यापुढे उभे राहील, आणि त्यावरच पुढील धोरण ठरवणे योग्य होईल.